कार्डावर फिकी रेघ आली आणि चार दिवसांत सगळं संपलं – नक्की काय झालं होतं?

भांडुपवाली (९ ऑगस्ट, रात्री ११:४०)

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, त्यातही पाककृती आणि भटकंती. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, आणि तोही असल्या विषयावर. सांभाळून घ्या.

वय ३१. लग्नाला दोन वर्षं झाली, चौदा महिने बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. नवरा समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टरने जा-ये. घरी मी आणि सासूबाई.

तारखा लिहिते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ६ जुलैला पाळी आली. नवरा ३ जुलैला आला होता, तो १७ ला पहाटे गेला. ओव्ह्युलेशनची पट्टी (बीज आता सुटणार हे सांगणारी लघवीची टेस्ट) १८ ला संध्याकाळी गडद झाली. पाळी घड्याळासारखी २८ दिवसांची, म्हणून ३ ऑगस्टला यायला हवी होती, आली नाही. ४ ला सकाळी घरीच प्रेग्नन्सीची कार्ड टेस्ट केली. दुसरी रेघ आली, पण अशी की खिडकीपाशी नेऊन नवऱ्याला (३१ जुलैला आलाय) तीनदा विचारलं, तुला दिसतेय का? ५ ला रक्त दिलं, बीटा एचसीजी (गर्भ रुजला की रक्तात येणारं हार्मोन) ३८. डॉक्टर म्हणाल्या ४ आठवडे २ दिवस. ७ ला परत दिलं, २१. ८ ला सकाळी अंगावरून जायला लागलं, नेहमीपेक्षा जास्त.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत आटोपलं. “केमिकल प्रेग्नन्सी होती, होतं असं, पुढच्या महिन्यात बघू.” बाहेर एवढी गर्दी होती की विचारायचं धाडस झालं नाही. घरी सासूबाईंनी नेमका ‘केमिकल’ शब्द पकडला. “भाजीवर फवारतात तेच ना? तरी सांगत होते, पालेभाजी मिठाच्या पाण्यात घालून ठेव.” मला हसूही आलं आणि रडूही.

आता माझे प्रश्न. ६ जुलैला तर माझी पाळी होती, मग ४ आठवडे २ दिवसांचा गर्भ कुठून आला? दुसरं म्हणजे नवरा हसत हसत बोलून गेला, “मी तर १७ लाच गेलो, तुझी पट्टी १८ ला. मग मी होतो कुठे?” त्याच्या मनात काही नाही हे मला ठाऊक आहे, तरी लागलं ते. आणि तिसरं, जे रात्री झोपू देत नाही: १ ऑगस्टला घाटकोपरला मेट्रोतून उतरून गाडी पकडायला पुलावरून धावले, तेव्हा कुणाची तरी बॅग पोटावर जोरात बसली. सासूबाई म्हणतात धावपळीनेच सुटलं. खरं का?

---

सुगरण_ठाणे

वाईट वाटलं गं. सांभाळ स्वतःला. पपई किंवा अननस खाल्लं होतंस का? आमच्याकडे पहिले तीन महिने दारातसुद्धा येऊ देत नाहीत.

---

भांडुपवाली

नाही हो. खाल्लं असतं तर निदान दोष द्यायला एक फळ तरी मिळालं असतं.

---

इनक्युबेटरमावशी

पिकलेल्या पपईच्या चार फोडींनी गर्भ पडत असता तर आपल्यातले अर्धे जन्मालाच आले नसते. पपई बाजूला ठेवा.

मी डॉक्टर नाही. १९८६ च्या ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा मी रुपारेलला बीएस्सीला होते. पेपरातली ती बातमी कापून वहीत चिकटवली आणि पुढची सगळी नोकरी उपनगरातल्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या लॅबमध्ये, इनक्युबेटरच्या काचेशी नाक लावून काढली. गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यामुळे मला दिसलं ते सांगते.

आधी तुझ्या नवऱ्याचं, कारण ते सोपं आहे आणि आजच सांगून टाकता येईल. स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तास टिकतं, पुढे नाही. शुक्राणू मात्र चिवट. त्या दिवसांत जो तार सुटणारा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्राव असतो, त्याच्या आधाराने आणि पुढे गर्भाशयाच्या नळीत ते पाच दिवसांपर्यंत तग धरतात. पट्टी गडद झाल्यावर साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं, म्हणजे तुझं १९ च्या रात्री नाहीतर २० ला. १६ च्या रात्रीपासून मोज. बसतंय हिशेबात. तो प्लॅटफॉर्मवर डाळभात जेवत असताना इकडे फलन झालं, आणि नळीत मुक्कामाला होते ते त्याचेच. त्याला हेही सांग की पहिला पोचेल तो जिंकला अशी ती शर्यत नसते. पोचल्या पोचल्या शुक्राणूला बीजात शिरताच येत नाही. बाईच्या शरीरात काही तास काढले की त्याच्या डोक्यावरचं आवरण बदलतं, मग तो कामाचा होतो. निघतात कोट्यवधी, बीजाच्या आसपास येतात ते शेकड्यांत, आत जातो एक. एक शिरला की बीजाचं कवच बाकीच्यांना बंद.

आता ते ४ आठवडे २ दिवस. बीज कधी सुटलं हे बहुतेक बायकांना सांगता येत नाही, पाळीची तारीख सांगता येते. म्हणून जगभर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. नऊ महिने म्हणतो ते २८० दिवस तिथून धरलेले, फलनापासून मोजले तर २६६. पहिले दोन आठवडे पोटात कुणीच नसतं, पण हिशेबात असतं. तुझा गर्भ ५ ऑगस्टला खरा १६ दिवसांचाच होता.

तिसऱ्या प्रश्नाआधी एक गोष्ट सांगते. २६ जुलै २००५. सकाळी आमच्याकडे एका बाईंची बीजं काढली, आठ मिळाली. दुपारी शुक्राणूंबरोबर डिशमध्ये ठेवून मी निघणार, तोवर रस्त्यावर कमरेएवढं पाणी. वीज गेली. इनक्युबेटर ३७ डिग्रीला हवा, आत कार्बन डायऑक्साइड ठरलेला हवा, आणि जनरेटरचं डिझेल किती पुरेल कुणाला माहीत. त्या बाई आणि त्यांचे यजमान अडकले म्हणून सेंटरमध्येच झोपले, ते बाकड्यावर, त्या रिकव्हरीच्या कॉटवर. वॉचमनने कुठून तरी पार्ले-जीचे पुडे आणले. रात्रभर मी त्या इनक्युबेटरचा आकडा बघत बसले, दार उघडायचं धैर्य नाही.

सकाळी सातला डिश काढली. फलन झालंय का ते सोळा-अठरा तासांनी बघतात, त्याच वेळी दिसतं. बीज म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. नजर तीक्ष्ण असेल तर नुसत्या डोळ्यांनी टिंब दिसेल एवढं, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते चंद्रासारखं भरतं. आणि त्याच्या मधोमध दोन वर्तुळं, शेजारी शेजारी, एकमेकांना टेकलेली. एक आईकडची २३ गुणसूत्रं, दुसरं बापाकडची २३. थोड्या तासांनी दोन्हींच्या कडा विरघळतात आणि मग कोणाचं काय ते वेगळं काढता येत नाही. आठपैकी पाचांत मला ती दोन वर्तुळं दिसली. मी त्या बाईंना उठवून आणलं आणि डोळा लावायला सांगितलं. नियमात बसत नव्हतं. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी एकाच्या चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ. २९ ला त्यांतले उत्तम तीन गर्भाशयात सोडले. पूर, अंधार, डिझेल, सगळ्यांतून तरलेले तीन. पंधरा दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह.

हे कशाला सांगितलं? मला पाच दिवस दिसायचं. पाचव्या दिवशी तो गोळा पोकळ होतो, आत पाणी भरतं, बाहेर एक थर आणि आत एका बाजूला पेशींचा छोटासा पुंजका. त्या पुंजक्यातून बाळ, बाहेरच्या थरातून वार. मग तो कवच फोडून बाहेर येतो. हेसुद्धा मी पाहिलंय, चिमटीत धरलेल्या भिजल्या शेंगदाण्याचं साल सुटावं तसं. पण त्यापुढे तो अस्तराला चिकटतो, आत घुसतो, वरून अस्तर मिटतं, ते सगळं आतल्या अंधारात. ते मला कधी दिसलं नाही, तुझ्या डॉक्टरीणबाईंना दिसत नाही, आणि सासूबाईंना तर नाहीच. त्यामुळे सुटलं कशाने हे छातीठोकपणे सांगणाऱ्याचं ऐकू नकोस.

कळतं ते निरोपावरून. बीज जिथून सुटलं तिथे अंडाशयावर एक पिवळी गाठ राहते, ती अस्तर टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनवते. तिचं आयुष्य दोन आठवड्यांच्या आसपास. ती थकली की अस्तर गळतं, तीच पाळी. गर्भ रुजला तर त्याचा बाहेरचा थर एचसीजी सोडतो, म्हणजे त्या गाठीला निरोप, एवढ्यात थांबू नकोस. तुझं कार्ड तोच निरोप वाचतं. तुझी पाळी ३ च्या ऐवजी ८ ला आली ना? ते पाच दिवस त्या निरोपाचे. तेव्हा तुला भास झाला नव्हता. तो होता, आणि रुजायला लागला होता.

‘केमिकल’ एवढ्याचसाठी म्हणतात की तो फक्त रक्त-लघवीच्या तपासणीत कळला, सोनोग्राफीत दिसण्याइतका वाढला नाही. फवाऱ्याशी संबंध नाही. सासूबाईंची पालेभाजी निर्दोष. (मिठाच्या पाण्यात जरूर घाला, अळ्या निघतात.)

का टिकला नाही? तुझ्याच बाबतीत कुणी सांगू शकणार नाही. पण इतक्या लवकर जातात त्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असणं हे सगळ्यात मोठं कारण. त्यात तुझी चूक नाही. तू तुझ्या आईच्या पोटात होतीस तेव्हाच तुझी सगळी बीजं तयार झाली आणि अर्ध्या वाटणीत थांबली. एकतीस वर्षं थांबलेली ती वाटणी बीज सुटताना पुन्हा सुरू होते आणि शुक्राणू आत शिरल्यावर पुरी होते. एक गुणसूत्र इकडचं तिकडे झालं की बहुतेक वेळा संपलं. १९९९ साली छापलेला एक अमेरिकन अभ्यास आम्हाला लॅबमध्ये पाठ होता. २२१ बायकांनी रोज सकाळची लघवी जमा करून दिली, त्यावरून कोण कधी रुजलं ते काढलं. टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजल्या होत्या. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकर गेले, अकराव्या दिवशी रुजलेल्यांपैकी ५२ टक्के. सोळाव्या दिवशी ३८ हा आकडा तसा कमीच. माझा अंदाज, नुसता अंदाज हं, की तुझा उशिरा रुजला किंवा रुजतानाच अशक्त होता. म्हणजे घाटकोपरच्या पुलाआधीच ठरलं होतं.

आणि पुलाचं म्हणशील तर, गर्भाशय ही काही रिकामी पिशवी नाही की धावलं आणि आतला ऐवज खडखडला. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात, इस्त्री करून ठेवलेल्या उशीच्या अभ्र्यासारख्या. त्या दिवसांत ते सगळं ओटीपोटात हाडांच्या कड्याआड असतं. १ ऑगस्टला तुझा गर्भ खसखशीच्या दाण्याहून लहान, अस्तरात गाडलेला. बॅग कुणाचीही असो, तिथवर पोचत नाही. आमच्याकडे पूर्वी गर्भ सोडल्यावर बायकांना तासन् तास उताणं झोपवून ठेवायचे. त्याने रुजण्याचं प्रमाण वाढत नाही असं अभ्यासांत दिसलं, तेव्हा ते बंद झालं.

---

डोंबिवलीकर_बाबा

मावशींनी सगळं सांगितलंय, एक मात्र जोडतो, कारण आमच्यावर गुदरलंय.

आमच्याही वेळी फिकी रेघ, मग थोडं रक्त. आम्ही म्हटलं गेलं, संपलं, आणि बीटा परत केलंच नाही. आठ दिवसांनी लोकलमध्ये हिच्या उजव्या बाजूला पोटात कळ आली, मग खांदा दुखायला लागला, दिवा स्टेशनला घेरी येऊन खाली बसली. लेडीज डब्यातल्या बायकांनी ठाकुर्लीपर्यंत धरून ठेवली. गर्भ गर्भाशयात न येता नळीतच रुजला होता आणि नळी फुटली होती. खांदा का दुखतो हे नंतर कळलं: पोटात रक्त साचून छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतं. एक नळी काढावी लागली. शंभर गर्भधारणांत एक-दोन अशा असतात. (दुसऱ्या नळीच्या कृपेने मुलगी आता दुसरीत आहे, त्यामुळे घाबरू नका.)

तुमचा आकडा उतरतोय हे चांगलं लक्षण, पण तो ५ च्या खाली जाईपर्यंत तपासत राहा. एका बाजूला दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली, तर डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सी.

---

भांडुपवाली

मावशी, काय लिहू. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. ‘डाळभात जेवत असताना’ला तो गप्प झाला आणि मग उठून चहा केला. आमच्याकडे ही माफी असते.

बाबा, धन्यवाद. दुखत नाहीये, पण १२ ला परत रक्त देते.

त्या पुरातल्या बाईंचं पुढे काय झालं?

---

इनक्युबेटरमावशी

पुढच्या वर्षी परत आल्या, मग नाही आल्या. लॅबवाल्यांना गोष्टीचा शेवट क्वचित कळतो.

बाबांचं म्हणणं सोन्यासारखं आहे, माझ्याकडून ते राहूनच गेलं. आणि फोलिक अ‍ॅसिड चालू आहे ना? रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहायच्या आधीपासून. तुला कळतं तोवर बाळाच्या मणक्याची नळी बंद व्हायची वेळ जवळ आलेली असते.

---

ड्युटीचार्ट

वैद्यकीय काही कळत नाही. बेस्टच्या आगारात तेवीस वर्षं ड्युट्या लावतोय, त्यामुळे तारखा दिसल्या की हात शिवशिवतो. चूक असेल तर मावशींनी कान धरावा.

ताई, तुमची पाळी २८ दिवसांची. मिस्टरांची फेरी १४ अधिक १४, तीही २८ दिवसांची. म्हणजे दोन्ही चार्ट एकाच मापाचे, कधीच एकमेकांवरून सरकत नाहीत. जुलैत ते १७ ला गेले, बीज २० ला. त्याआधीच्या महिन्यात ते १९ जूनला गेले असणार, बीज २२ ला. मे महिन्यात तेच. चौदा महिने प्रयत्न म्हणताय, पण दर वेळी ते निघून गेल्यावर तीन दिवसांनी बीज. मावशी म्हणतात तसे शुक्राणू पाच दिवस टिकत असतील तरी तिसऱ्या दिवशी हजेरी किती भरत असेल?

आणि आता पुढचं बघा. या खेपेला पाळी पाच दिवस सरकून ८ ऑगस्टला आली. म्हणजे बीज २२ च्या सुमारास. ते जाणार १४ ला, येणार २८ ला. मधे आठ दिवस. सप्टेंबरमध्ये बीज १९ ला, ते ११ ला गेलेले. फेरी बदलली नाही तर आता दर महिन्याला आठ दिवसांचं अंतर. आमच्या भाषेत, कंडक्टर आणि बस वेगवेगळ्या आगारात.

---

इनक्युबेटरमावशी

कान कशाला धरू, पाया पडते तुमच्या! एवढी वर्षं लॅबमध्ये काढली आणि मला नाही दिसलं.

एक दुरुस्ती फक्त: असं झाल्यानंतरच्या महिन्यात बीज दोन-चार दिवस मागेपुढे होऊ शकतं, तेव्हा २२ ला काळ्या दगडावरची रेघ समजू नका, पट्टी वापरा. दिवस निवडायचेच तर बीज सुटण्याआधीचे दोन दिवस आणि सुटण्याचा दिवस हे सगळ्यात चांगले. आणि भांडुपवाली, डॉक्टरांना पुढच्या भेटीत हा रोस्टर दाखव. चौदा महिने ऐकून त्या तपासण्यांची यादी काढतील, वर्ष उलटलं की काढतातच आणि ते बरोबरही आहे. पण त्यातल्या किती महिन्यांत खरी संधी होती हे त्यांना कळायला हवं.

---

भांडुपवाली (१३ ऑगस्ट)

काल रक्त दिलं, आज रिपोर्ट आला. बीटा २.

ड्युटीचार्ट दादा, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून, पेन्सिलने मांडून बघितला. चौदाही महिने मागे गेलो. दोन महिने सोडले तर प्रत्येक वेळी तो गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी. चौदा महिने मी स्वतःला काय काय म्हणून घेतलंय ते लिहीत नाही.

त्याने काल तिकडच्या एका सहकाऱ्याशी बोलून आठवड्याची अदलाबदल केली. आता १४ ऐवजी २१ ला जाणार, त्यामुळे पुढच्या फेऱ्याही आठवडाभर पुढे. या महिन्यात प्रयत्न करायचा की थोडं थांबायचं हे अजून ठरवलं नाही, डॉक्टरांना विचारून बघू. पण बीज सुटायच्या आधीचे दिवस तो घरी असेल.

त्याची भरलेली बॅग दाराशीच आहे. सासूबाई सकाळपासून विचारताहेत, मध्येच रजा कशाची? तो म्हणाला, वरिष्ठांनी चार्ट बदलला.